न फाटलेली पँट

टाकामावशी उभ्या आयुष्यात कधी बर्फाच्या डोंगरावर गेल्या नव्हत्या, पण तो डोंगर त्यांना घरबसल्या पाठ होता. कारण दर हिवाळ्यात डोंगरच त्यांच्या दुकानात येई. कधी गुडघ्यावर फाटलेला, कधी काखेत उसवलेला, कधी बुडावर घासून जाळी झालेला.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची खोली. छत तिरपं, त्यामुळे मशीन खोलीच्या उंच टोकाला आणि मावशींचं स्टूल मधोमध. वरून कुणी जिना उतरलं की पावलं त्यांच्या डोक्यावरून वाजत जात, आणि मावशी मान वर न करता सांगत, "तिसऱ्या मजल्यावरच्यांना आज उशीर झालाय." त्या नवे कपडे फारसे शिवत नसत. रफू, ठिगळ, चेन बदलणं, उसवलेलं पुन्हा शिवणं, हा त्यांचा धंदा. खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. शेंबडं पोर असो की पिकल्या केसांचे वकील, सगळ्यांच्या त्या टाकामावशी.

थंडी पडली की शहरातली हौशी माणसं सुट्टी काढून त्या डोंगरावर स्की करायला जात आणि परतल्यावर कपड्यांचं गाठोडं मावशींच्या टेबलावर आणून टाकत. मावशी कपडा उलटा करून उजेडात धरत आणि निकाल देत. गुडघा फाटलेला असला, तर माणूस तोंडावर पडला. बूड फाटलेलं असलं, तर घाबरून मध्येच बसला. आणि बाहेरची शिवण कमरेपासून खालपर्यंत गेली असली, तर स्वारी "सासूबाई"वरून आली.

सासूबाई हा त्या डोंगराचा सर्वांत उभा उतार. नकाशात तो काळ्या रंगाने दाखवत. त्याच्यापुढे जाताना गुडघे वाकवूनच जावं लागतं आणि उद्धटपणे ताठ उभं राहिलेला माणूस हमखास तोंडघशी पडतो, म्हणून लोकांनी त्याचं नाव सासूबाई ठेवलं होतं.

एवढ्या वर्षांच्या फाटक्या पँटी पाहून मावशींचं मत अगदी पक्कं झालं होतं. त्या म्हणत, "तो डोंगर नव्हे. माणसं फाडायचा कारखाना आहे. पदरचे पैसे मोजून पडायला जातात, आणि पडून आल्यावर हसतातही!"

त्यांच्या यजमानांनी, म्हणजे बसकाकांनी, यावर कधी वाद घातला नाही. काकांनी जन्मभर बस चालवली. तरुणपणी हिवाळ्यातली डोंगराची बस त्यांच्याकडे असे. प्रवासी वर सोडायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. मधल्या रिकाम्या वेळात, तिथे माणसांना दोरावरून वर नेणाऱ्या पाळण्याच्या खुर्च्या चालवणाऱ्यांशी दोस्ती करून, काका उसन्या पट्ट्यांवर स्की शिकले. चांगले शिकले. इतके की सासूबाईही त्यांना घाबरवेनाशी झाली. पुढे लग्न झालं. मावशी म्हणाल्या, "आता तो डोंगर पुरे." काका म्हणाले, "बरं." त्या हिवाळ्यात त्यांनी शहरातली बस मागून घेतली आणि विषय मिटला.

मिटला असं आपलं म्हणायचं. आकाश स्वच्छ असलं की त्यांच्या घराच्या गच्चीवरून डोंगराचं पांढरं टोक दिसे, आणि नेमक्या त्याच दिवशी काका आपणहून कपडे वाळत घालायला गच्चीवर जात. एक टॉवेल वाळत घालायला त्यांना जो वेळ लागे, त्या वेळात मावशींचा अर्धा स्वयंपाक होई.

यंदा मात्र हा मिटलेला विषय लेकीनेच उकरून काढला. लेक इस्पितळात लोकांचे गुडघे चालते करायचं काम करी. रुग्ण तिला "गुडघ्यांची मास्तरीण" म्हणत. एका रविवारी तिने बापाला खुर्चीवर बसवून पाय वर-खाली करून पाहिला आणि सरळ सांगून टाकलं, "बाबा, उन्हाळ्यात हा गुडघा बदलायचाय, हे ठरलंच आहे. नंतर चालाल, जिना चढाल, सगळं कराल. पण सासूबाईवरून घसरणं मी करू देणार नाही. आज अजून स्नायू चांगले आहेत. जायचं असेल तर यंदा. नाहीतर विसरा."

"कुणाला जायचंय?" मावशी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

 काका पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. मावशी दारात आल्या आणि त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. लहान मुलाने दुकानाच्या काचेला नाक लावावं, तसा तो चेहरा होता.

जावई तर तयारीनेच आले होते. ते रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीत बसत, त्यामुळे विचारायच्या आधी उत्तर द्यायची त्यांना सवय. त्यांनी जेवणाच्या टेबलावर डोंगराचा भलामोठा नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर मीठदाणी, चष्म्याचं घर, टाकामावशींची कात्री आणि एक सफरचंद ठेवलं.

"हिरव्या रेषा नवशिक्यांसाठी, निळ्या जरा सरावलेल्यांसाठी, लाल धीटांसाठी, आणि ही काळी..."

"तुमची सासूबाई," काका म्हणाले.

"माझी कशाला बाबा? मला घरातली पुरे आहे."

"जावईबापू, मला इथे ऐकू येतं हं," मावशी म्हणाल्या.

"म्हणूनच तर गुडघे वाकवून बोलतोय, आई!"

लेक खो-खो हसली. जावयांनी गाडी, खोली, बूट भाड्याने मिळायची जागा, सगळं घडाघडा सांगितलं. वारा सुटला तर पाळणा बंद ठेवतात, हेही सांगितलं. शेवटी नकाशावरून सगळ्यांची नजर मावशींकडे वळली, आणि काका फक्त एवढंच म्हणाले, "तू हो म्हणालीस तर. एरवी नाही."

आता आली का पंचाईत! चाळीस माणसांची बस हाकणारा हा माणूस घरातलं स्टेअरिंग बायकोच्या हाती देऊन मोकळा झाला होता. नाही म्हणावं, तर तो चेहरा. हो म्हणावं, तर डोळ्यांपुढे त्या सगळ्या फाटक्या शिवणी. मावशींनी शिंप्याची जुनी युक्ती काढली. त्या म्हणाल्या, "आधी पँट तर शिवून होऊ दे."

लग्नापासून काकांनी विकतची पँट कधी घातलेली नव्हती, तेव्हा यात कुणाला काही खोट दिसली नाही. शिंप्याचं "होऊ दे" म्हणजे काय असतं, हे मात्र मावशींनाच माहीत होतं. पहिल्या आठवड्यात कापड पसंत पडलं नाही. मग कापड मिळालं, तर दोरा जुळेना. दोरा जुळला, तर वकिलांच्या कोटाची घाई निघाली. जावयांचा रोज फोन, "आई, कुठवर आलं?" आणि मावशींचं उत्तर, "कमरेपर्यंत."

अखेर पँट झाली. ती अशी झाली की तिला पँट म्हणावं की गादी, हा प्रश्न पडावा. गुडघ्यावर फोम, मांडीवर फोम, दोन्ही कुशींना फोम, आणि बुडाला तर जुन्या सोफ्यातून काढलेला अख्खा चौकोन. प्रत्येक शिवणीवर दुहेरी टीप, आणि त्यावर पुन्हा हाताचे टाके. काकांनी ती चढवली आणि बैठकीच्या खोलीत येऊन उभे राहिले. उभे राहिले, कारण दुसरं काही करणं शक्यच नव्हतं.

"लोडाला पाय फुटलेत," लेक म्हणाली आणि तिने तोंडावर उशी धरली.

जावई गंभीर होते. "बाबा, आता गुडघे वाकवा. स्कीवर उभं राहतात तसे."

"वाकवलेत की."

"वाकलेले दिसत नाहीत."

"मनातून वाकवलेत."

काकांनी आणखी जोर लावला. गुडघे तसूभरही हलले नाहीत. तेवढं काकांचं सबंध शरीरच दरवाजासारखं पुढे कलत गेलं, आणि ते धप्पकन गालिच्यावर आडवे झाले. लागलं मुळीच नाही. उलट जरासे उडाले. एकदा पडल्यावर मात्र त्यांना उठता येईना. ते या कुशीवरून त्या कुशीवर लोळत राहिले. लेकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. जावई म्हणाले, "आई, अभिनंदन! पडून काही होत नाही, हे सिद्ध झालं. फक्त डोंगरावर उभं कसं राहायचं, एवढंच बघायचंय." काकाही पडल्या पडल्या पोट धरून हसत होते.

हसता हसता त्यांची नजर आपल्याच मांडीवरच्या शिवणीवर गेली. मावशींचा हाताचा टाका म्हणजे एकसारखा, मोजून मापून घातल्यासारखा. गल्लीत त्याची ख्याती होती. इथे मात्र टाके वेडेवाकडे पडले होते. एकावर एक, दाटीवाटीने. भीतीने घातलेले. काकांनी त्यावरून बोट फिरवलं. त्यांचं हसू थांबलं.

"एवढी धास्ती घेतलीस होय गं?" ते हळूच म्हणाले.

 मापाची टेप मावशींच्या गळ्यात होती. ती त्यांनी उगीचच गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

जावयांनी आणि लेकीने हात देऊन काकांना उठवलं. त्यांनी पँट उतरवली, नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. "जावईबापू, ते बुकिंग रद्द करून टाका," ते म्हणाले. "डोंगर काय, गच्चीवरूनही दिसतो."

मावशी जिंकल्या होत्या. पण जिंकलेल्या माणसाला झोप लागते, भूक लागते. मावशींना दोन्ही लागेनात. काका नेहमीसारखेच वागत होते. चहा करत, पेपर वाचत, दुकानातल्या मशीनला तेल घालून देत. एकच गोष्ट बदलली. चहाचं पाणी ठेवताना ते शीळ घालत, ती बंद झाली. आणि आकाश अगदी लख्ख असताना एके सकाळी ते म्हणाले, "आज कपडे तूच घाल वाळत. माझा गुडघा दुखतोय." गुडघा दुखत नव्हता. नवऱ्याचा गुडघा खरा कधी दुखतो आणि खोटा कधी दुखतो, हे बायकोला कळतं.

असे काही दिवस गेल्यावर दुकानात दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. बाई कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या. वयाने मावशींच्या बरोबरीच्या, अंगाने काटक, चालणं सैनिकासारखं. त्यांनी टेबलावर एक जाड निळा कोट ठेवला.

"मावशी, हा माझा स्कीचा कोट. आता नातीला द्यायचाय. बाह्या तेवढ्या आखूड करून हव्यात."

मावशींनी सवयीप्रमाणे कोट उलटा केला. काखा पाहिल्या, कोपर पाहिले, अस्तरात हात घालून आतून चाचपलं. चष्मा लावला. मग खिडकीशी नेऊन पाहिला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"रफू कुणाकडून केलंत?" त्यांनी विचारलं. आवाज थोडा कोरडा होता.

"कसलं रफू?"

"हेच की. मला दिसत नाही म्हणजे केलंय झकास. पण डॉक्टरीणबाई, एवढ्या वर्षांच्या शेजारात तुम्ही दुसऱ्या कुणाकडे गेलात, याचं वाईट वाटलं हो. मी काय तुम्हाला सोडून दुसरीकडे दात दाखवायला गेले कधी?"

डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. "अहो मावशी, कुणाकडेच नेलेला नाही. तो कधी फाटलाच नाही!"

"नवा आहे?"

"माझ्या मुलीच्या जन्माआधीचा आहे. दर हिवाळ्यात घालते."

"म्हणजे घालून खाली बसता. हॉटेलात. शेकोटीजवळ."

"शेकोटीजवळ कशाला? सासूबाईवरून येते की! दरवर्षी एकदा तरी तिला नमस्कार करून आल्याशिवाय मला करमत नाही."

मावशींनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. "आणि पडला नाहीत?"

"भरपूर पडले. बर्फात पडायचं, झटकायचं, उठायचं. दर वेळी काय फाटतं थोडंच?"

"माझ्याकडे तर जो येतो तो फाटलेलाच येतो."

हे वाक्य मावशी बोलल्या आणि डॉक्टरीणबाई मोठ्याने हसल्या. "मग न फाटलेला तुमच्याकडे कशाला येईल? चहा प्यायला? मावशी, माझ्या खुर्चीत कोण बसतं, सांगा बरं? ज्याची दाढ ठणकते तो. ज्याचे बत्तीस दात शाबूत आहेत, तो माझ्या दवाखान्यापुढून शेंगदाणे खात जातो. आपण दोघी बसलोय कुठे, तर जिथे बिघडलेलंच येतं तिथे. सुरुवातीला मलाही वाटायचं, सगळं जग किडलंय. मग एकदा लग्नाला गेले, सगळे हसत होते, आणि मी जेवण सोडून नुसती त्यांचे दात बघत बसले. चांगले होते हो पुष्कळांचे!"

बाई गेल्या. मावशी कितीतरी वेळ तो कोट मांडीवर घेऊन बसल्या. डोक्यावरून पावलं वाजत गेली. कोण उतरलं, हे त्यांनी सांगितलं नाही.

दुपारी काका डबा घेऊन आले. मावशींनी डबा बाजूला ठेवला आणि कोट पुढे केला. "बघा. डॉक्टरीणबाईंचा. सासूबाईवरून वर्षानुवर्षं येतात. एक धागा तुटलेला नाही."

"बाई पट्टीच्या आहेत," काका म्हणाले.

"ते असू दे. मी विचार करतेय, की तुम्हीही पट्टीचेच होतात म्हणे. सगळे सांगत. मग तुमचीच पँट तेव्हा दर आठवड्याला कशी फाटायची? आठवतंय ना? मी माझ्या आईच्या हाताखाली याच दुकानात बसायचे. आठवडा झाला की तुम्ही हजर, फाटकी पँट घेऊन. माझ्या मनात डोंगराची जी धडकी भरली ती तुमच्या पँटीपासून. बाकीच्यांच्या नंतर आल्या."

काकांनी डब्याचं झाकण उघडलं. पुन्हा लावलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"अहो?"

"पहिल्यांदा खरंच पडलो होतो," काका म्हणाले.

"आणि मग?"

"मग... डेपोच्या दारात एक खिळा होता."

"कसला खिळा?"

"चांगला खिळा होता," काका म्हणाले. "पँट त्याला अडकवायची आणि जरा पुढे व्हायचं."

 मावशींचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हणजे तुम्ही..."

"दुकानात यायला काहीतरी कारण नको? तुझी आई दारातच बसायची. कात्री हातात. फाटकी पँट असल्याशिवाय ती आत सोडत नव्हती."

"तरीच!" मावशी ओरडल्या. "तरीच ती फाट एवढी सरळ असायची! मी आईला म्हणायचे सुद्धा, हा माणूस पडतो तरी किती शिस्तीत!" आणि मग त्यांना जे हसू फुटलं, त्यात मांडीवरचा कोट खाली पडला, दोऱ्याची बॉबिन गडगडत टेबलाखाली गेली, आणि जिना उतरणारं कुणीतरी थबकून वाकून बघून गेलं. हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. "अहो, मग मी डोंगर सोडा म्हटलं तेव्हा का नाही बोललात? खिळ्यापायी उभा संसार गप्प बसलात?"

"काय बोलणार? नवं लग्न. म्हटलं, सांगावं तर ही म्हणेल, लबाड माणसाच्या गळ्यात पडले. डोंगर गेला तर गेला, बायको राहू दे." काका जरा थांबले. "आणि बायको राहिली की. तोटा काही झाला नाही."

मावशींनी डोळे पुसले. मग त्या उठल्या, टेप गळ्यातून काढली आणि दुकानाचं दार आतून लावलं. "वाका," त्या म्हणाल्या.

"अं?"

"गुडघे वाकवा. मनातून नको, खरे वाकवा. मी जन्मभर माणसांना ताठ उभं करून मापं घेतली, आणि हे लोक तिकडे जातात ते वाकून. मग शिवण उसवेल नाहीतर काय होईल? थांबा, हलू नका. गुडघा दुखतोय?"

"नाही."

"खरा की खोटा?"

"खरंच दुखत नाही," काका म्हणाले आणि वाकलेल्या अवस्थेतच शीळ घालू लागले.

ती गादीवाली पँट मावशींनी उसवली. फोम काढला, कापड धुऊन पुन्हा बेतलं. मागे कमरेशी चार बोटं उंची वाढवली, गुडघ्याला चुण्या घेतल्या, आणि दोन्ही पायांच्या मध्ये कापडाचा चौकोनी तुकडा, कळी, बसवली, म्हणजे कितीही वाका, शिवणीवर ताण नाही. दुहेरी टीप एकदाच. हाताचे टाके एकसारखे. संध्याकाळी त्यांनी जावयांना फोन केला.

"जावईबापू, ते बुकिंग रद्द केलंत ना? आता पुन्हा मिळेल का हो?"

"रद्द केलंच नाही, आई."

"का?"

"खिडकीत बसून शिकलोय. रद्द करायला आलेला माणूस तोंड पाडून आला, तर त्याला म्हणायचं, उद्या या. बहुतेक जण येतच नाहीत. बरं, एक विचारायचं होतं. तिकिटं तीनच काढलीत. तुम्ही घरी राहणार म्हणून..."

"कोण म्हणालं घरी राहणार?" मावशी म्हणाल्या. "कापड उरलंय माझ्याकडे. माझीही पँट होतेय त्यात."

चौकशीच्या खिडकीने त्याच संध्याकाळी चौथं तिकीट काढलं.

डोंगरावर पोचल्यावर मावशींनी आधी काय पाहिलं असेल, तर माणसं. पाळण्याच्या खुर्च्यांवरून वर जाणारी, उतारावरून खाली येणारी, लाल टोप्यांची, पिवळ्या कोटांची, सत्तरीची आणि सात वर्षांची. मावशी प्रत्येकाला पाठमोरं होईपर्यंत थांबून निरखत होत्या. गुडघे धड. काखा धड. बुडं धड. इतकी न फाटलेली माणसं त्यांनी एका ठिकाणी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

पहिले दोन दिवस काकांनी लेकीबरोबर निळ्या आणि लाल उतारांवर पाय मोकळे केले. मावशी खालच्या हिरव्या उतारावर लहान पोरांच्या वर्गात उभ्या होत्या. शिकवणारी मुलगी सांगे, "आजी, बसू नका, घाबरून बसलात की पडता." मावशी म्हणत, "मला माहितीय गं, बुडावरून कळतं मला." आणि बसत.

तिसऱ्या दिवशी वारा नव्हता. काका आणि लेक पाळण्यात बसले. खुर्ची वर वर जात लहान झाली आणि कड्याआड गेली. जावयांनी नकाशा उघडला, मावशींनी तो बंद करायला लावला. दोघं सासूबाईच्या पायथ्याशी उभे राहिले. खालून ती भिंतीसारखी दिसत होती. मावशींना सगळं पटलं होतं. तो कोट, ते दात, तो खिळा. तरीही हातमोज्यातली बोटं अंगठ्याशी चाळा करत होती, जशी सुई धरलीय.

वर एक ठिपका दिसला, मग दुसरा. पहिला लेकीचा होता, पिवळ्या टोपीमुळे ओळखू आला. ती थोडं खाली येई, थांबे, वळून बघे. मागचा ठिपका घाई करत नव्हता. मोठं वळण घेऊन डावीकडे, मोठं वळण घेऊन उजवीकडे, जसं भरलेली बस घाटातून उतरवावी. मध्येच तो थांबला. बराच वेळ थांबला.

"काय झालं?" मावशी म्हणाल्या.

 जावयांनी मावशींचा हात धरला.

वर काका काठ्यांवर रेलून उभे होते. पुढे लेकीने सांगितलं, गुडघ्याला काही झालं नव्हतं. ते शहराकडे बघत होते. म्हणाले, "अगं, आपली गच्ची कुठे दिसतेय का बघ."

मग ठिपका हलला, मोठा होत गेला, त्याला हात फुटले, मिशा फुटल्या. शेवटच्या वळणावर काका जरासे लडखडले, सावरले, आणि मावशींच्या अगदी पुढ्यात बर्फ उडवत उभे राहिले. त्यांचे डोळे वाऱ्याने ओले झाले होते. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"आधी वळा," मावशी म्हणाल्या.

काका वळले. मावशींनी डाव्या कुशीवरून हात फिरवला, उजव्या कुशीवरून फिरवला, वाकून कळी पाहिली. एक धागा हलला नव्हता.

"बोला आता," त्या म्हणाल्या. पण काकांना बोलवेना, आणि मावशींनाही पुढचं ऐकायची गरज उरली नव्हती. जावई म्हणाले, "आई, जरा तुम्हीही वळा." मावशी वळल्या. त्यांची स्वतःची पँट बुडावर वीतभर फाटली होती. लेक बर्फातच बसली हसत.

उन्हाळ्यात काकांचा गुडघा बदलला. लेक रोज येऊन त्यांना चालवते, आणि घरापासून जिन्याखालच्या खोलीपर्यंत ते आता काठी न घेता येतात. दुकानात खिडकीशी एका खुंटीवर एक स्कीची पँट लटकलेली असते. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "याचं काय करायचंय?"

"काही नाही," मावशी सांगतात. "ही फाटली नाही, म्हणून टांगलीय. माझ्या डोळ्यांसमोर असावी."

दुसरी पँट मात्र टेबलाखालच्या गाठोड्यात तशीच आहे. काका रोज दुपारी डबा घेऊन येतात, दारात उभे राहतात आणि गिऱ्हाइकाच्या आवाजात विचारतात, "बाई, आमच्या मंडळींची पँट झाली का?"

मावशी मान वर करत नाहीत. दोरा तोंडात धरून म्हणतात, "फार काम आहे हो. वेळ लागेल. येत जा."